लाजायचं काय त्यात

शाळेचा मुख्याध्यापक ओर्री याचा फोन आला तेव्हा हेर्दिसने पुन्हा एकदा सर्दीचं निमित्त सांगितलं. नाक चोंदल्यासारखा आवाज काढायचीही तिने तसदी घेतली नाही. चार महिन्यांची मुलगी एका खांद्यावर आणि फोन दुसऱ्या खांद्याने कानाशी दाबलेला, अशी ती स्वयंपाकघरात उभी होती. खरं सांगायचं तर तिला तिथेच फरशीवर, भांड्यांच्या कपाटाला टेकून झोपून जावंसं वाटत होतं.

"बरं, बरं," ओर्री म्हणाला. "पण इस्टरनंतर पोहण्याचे तास सुरू करायचेत. आठवड्याला दोनच तास मागतोय तुझ्याकडे. तू नसशील तर ब्रिम्नेसचा तो मास्तर यायला तयार आहे. आणि तो एकदा आला की मग तोच. मला तूच हवी आहेस, पण काय ते एकदा सांगून टाक."

"सांगते," हेर्दिस म्हणाली आणि फोन ठेवला. मुलीने तिच्या खांद्यावर दूध काढलं.

आमच्या क्लेत्ताविक गावात ज्याला पोहता येत नाही तो बाहेरून आलेला समजावा, आणि ज्यांना येतं त्यातल्या निम्म्या पोरांना हेर्दिसने शिकवलेलं आहे. लग्नाआधी ती एकदा खाडी पोहून पलीकडे गेली होती. कुणी पैज लावली नव्हती, की कुणी बघायला नव्हतं. तिला पलीकडच्या काठावर बसून डबा खायचा होता म्हणून गेली, खाल्ला आणि परत आली. अशी ही बाई बाळंतपणानंतर एकदाही पाण्यात उतरली नव्हती. गावातला गरम पाण्याचा पोहण्याचा तलाव घरापासून हाकेच्या अंतरावर होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची वाफ दिसायची, म्हणून ती खिडकीकडे पाठ करून उभी राहायची.

अडचण पाण्याची नव्हती. पाण्याच्या आधी जे असतं त्याची होती. तलावात उतरण्यापूर्वी सगळे कपडे काढून साबणाने अंग घासायचं हा आमच्याकडचा नियम, आणि त्यात राव-रंक नाही. बँकेची मॅनेजर, पाद्रीण, मासळीच्या कारखान्यातल्या बाया, शाळेतल्या मुली, सगळ्या एका ओळीत फवाऱ्याखाली. भिंतीवर माणसाच्या अंगाचं चित्र लावलेलं असतं आणि डोकं, काखा, जांघा आणि पावलं लाल रंगवलेली असतात, म्हणजे कुठे घासायचं ते कुणी विसरू नये. काचेच्या खोलीत देखरेखीला फ्रीदा बसते. कुणी पोहण्याचा कपडा घालूनच फवाऱ्याखाली गेलं की ती काचेवर टकटक करते. बाहेरची माणसं रडकुंडीला येतात. आमच्या पोरींना मात्र लहानपणापासून सवय. आणि ज्या थोड्या लाजऱ्या निघायच्या, टॉवेल छातीशी धरून कोपऱ्यात उभ्या राहायच्या, त्यांना हेर्दिस वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकवत आली होती. "साबण लाव पटकन. लाजायचं काय त्यात! सगळ्यांना तेच आहे."

आता तिची स्वतःची गत अशी की न्हाणीघरातला आरसा तिने टॉवेलने झाकून ठेवला होता. पोट मळून झाकून ठेवलेल्या कणकेसारखं सैल पडलेलं. मधोमध उभी फट, उताणी पडून मान उचलली की बोटं आत जायची. एक छाती भरलेली, एक रिकामी. शिंक आली तर आधी पाय एकमेकांवर घट्ट दाबायचे आणि मग शिंकायचं. तरी कधी कधी कपडे बदलावे लागायचे. आणि या सगळ्यावर तो थकवा. झोप झाली तरी न जाणारा थकवा. सगळ्यांना तेच आहे हे खरंच होतं, पण तिला वाटे, आपल्याला आता ते राहिलेलं नाही. आपल्याला भलतंच काहीतरी दिलंय.

नवरा कोल्बेइन मासेमारीच्या बोटीवर. तो आठवडेच्या आठवडे समुद्रात, आणि आला की बिचारा घरभर दबक्या पावलांनी वावरायचा, कारण काय बोललं की ही रडेल याचा त्याला अंदाज नव्हता. घरी येणारं दुसरं माणूस म्हणजे त्याची आई, राग्ना.

राग्नाला सगळं गाव खमकी राग्ना म्हणतं. ती दाराची कडी वाजवत नाही, सरळ आत येते. हातात मटणाच्या सुपाचं पातेलं, काखेत वाळवलेल्या माशाचं पुडकं, आणि तोंडाचा पट्टा उंबऱ्यातच सुरू.

"झोपलीस? दिवसाउजेडी? अगं, मी तिसऱ्या आठवड्यात कारखान्यात उभी होते. कोल्बेइन माशांच्या खोक्यात, टेबलाखाली. थंडीने ओठ निळे व्हायचे माझे. पण मी बसले नाही."

"माहीत आहे, राग्ना."

"माहीत आहे तर ऊठ. पोट आत घे. ढिलं सोडलंस की ढिलंच राहतं. ही ठमी काय काचेची आहे? ढकलगाडीत घाल आणि चढ वर बंधाऱ्यापर्यंत, पळत."

मुलीचं नाव अजून ठेवलं नव्हतं. चर्चमध्ये बारसं होईपर्यंत आमच्याकडे नाव उघड करत नाहीत, म्हणून तोवर ती नुसतीच ठमी. राग्ना ठमीला घ्यायची, पण उचलायची कधी नाही. "दे इकडे मांडीवर" म्हणायची आणि आधी खुर्चीत बसून घ्यायची. हेर्दिसला वाटे, म्हातारपणाची ऐट आहे. बाकी राग्ना कुठे थकलेली दिसत नसे. फक्त गावच्या तलावावर तिला कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्याचं कारण तिने सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं, क्लोरिनने अंगाला खाज सुटते. आणि बुधवारी ती कुणाला सापडायची नाही. बुधवारी ती बोगद्यातून पलीकडे मोठ्या गावी, वृद्धाश्रमातल्या बहिणीला भेटायला जायची.

तर सासूचं ऐकून हेर्दिस चढली बंधाऱ्यापर्यंत. हिमकडे कोसळून गावावर येऊ नयेत म्हणून बांधलेला तो मातीचा बांध, त्याचा चढ भल्याभल्यांचा दम काढतो. ही ढकलगाडी ढकलत, दात आवळून, पळत चढली. एकदा नाही, आठवडाभर. शेवटच्या दिवशी वर पोचली तेव्हा विजार ओली होती आणि ओटीपोटात असा जडपणा आला होता की आतलं सगळं आता खाली गळून पडेल. ती बर्फात बसली आणि भोकाड पसरून रडली. ठमी मात्र गाडीत शांत झोपली होती.

सुईण स्वावा घरी येऊन तपासून गेली. "पळायला कुणी सांगितलं तुला?" तिने विचारलं. हेर्दिसने नाव घेतलं नाही. स्वावाने नाव ओळखलं, पण तीही बोलली नाही. तिने हेर्दिसला जमिनीवर उताणी झोपवलं, गुडघे वर घ्यायला लावले आणि एक हात पोटावर ठेवला.

"श्वास आत घे, पोट फुगू दे. आता सोड, आणि सोडताना खालचं अंग आत, वर ओढ. जोर नको. दाणे टिपल्यासारखं हलक्या हाताने. बस, सोडून दे."

"हा व्यायाम?"

"हाच."

"मी खाडी पोहून गेलेली बाई आहे, स्वावा."

"ती बाई बाळंत झालेली नव्हती. ही झालीय. हिला वेळ लागेल." स्वावा मोजे चढवत उठली. "आणि पाण्यात जा. कोमट पाण्यात हेच कर, उभ्याने. पाणी तुझं वजन उचलून धरतं, दुसरं कुणी उचलत नाहीये ना सध्या. तलाव तर दारात आहे तुझ्या."

हेर्दिस म्हणाली, "बघते." ही बघते, ती सांगते, यातच मार्च उजाडला.

शेवटी तिने शक्कल काढली. बोगद्याच्या पलीकडे, दुसऱ्या खाडीवर, ब्रिम्नेसचा तलाव. तिथे तिला कोण ओळखतंय? बुधवारी सकाळी जायचं, म्हणजे राग्ना अचानक घरी येऊन रिकामं घर बघायची नाही. गुपचूप पाण्यात उतरायचं, जमलं तर ओर्रीला हो म्हणायचं आणि नाही जमलं तर ब्रिम्नेसच्या मास्तरला आपला तलाव देऊन टाकायचा आणि हा विषय मिटवायचा. दुसऱ्या खाडीवर गेलं की आपण कुणाचे कुणी नाही, असं आमच्या देशातल्या माणसाला दर पिढीत एकदा तरी वाटतं, आणि दर पिढीत ते फसतं.

बुधवारी वारा होता, पण रस्ता उघडा होता. ठमीला घेऊन हेर्दिस निघाली. बोगदा एकपदरी. समोरून दिवे दिसले की बाजूच्या खोबणीत गाडी घालून थांबायचं. आत डोंगराच्या पोटात रस्त्याला फाटा फुटतो, एक मोठ्या गावाकडे आणि एक ब्रिम्नेसकडे. फाट्याशी पोचल्यावर हेर्दिस जरा घुटमळली, मागे फिरायला तिथे जागा असती तर फिरली असती. जागा नव्हती म्हणून ती ब्रिम्नेसला गेली.

तिथल्या तलावाच्या दारात लोआ नावाची बाई बसली होती, विणकाम करत. तिने हेर्दिसला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"कुणाची गं तू?"

"रेक्याविकची."

"रेक्याविकची? या हनुवटीने?" लोआने सुया खाली ठेवल्या. "ही हनुवटी डोंगरापलीकडची आहे. आई कुठली?"

हेर्दिसने जमेल तेवढं ओढून धरलं, पण बूट काढून होईपर्यंत आई, आजी, आजोबांची होडी आणि ती होडी कुणी विकत घेतली इथपर्यंत सगळं लोआच्या हाती आलं होतं. वर असं निघालं की लोआच्या नवऱ्याची आत्या हेर्दिसच्या आजीच्या चुलत घरात दिलेली. म्हणजे आता घरचंच काम.

"ढकलगाडी बाहेर खिडकीखाली ठेव, मी बघते बाळाकडे. झोपलीय ना? झोपू दे थंडीत, चांगली झोप लागते. तू पण झोपून जावंस अशी दिसतेस, पोरी."

हे शेवटचं वाक्य तिने इतक्या साधेपणाने म्हटलं की हेर्दिसचे डोळे भरून आले. ती घाईघाईने आत गेली.

न्हाणीत कुणी दिसत नव्हतं. वाफ दाटली होती. तिने भिंतीकडे तोंड करून कपडे काढले, अगदी शेवटचा फवारा निवडला, आणि मान खाली घालून साबण लावायला लागली. हात पोटावर आला की त्याला घाई सुटायची, जणू दुसऱ्याच कुणाचं पोट चुकून तिच्या हाती लागलं असावं.

तेवढ्यात वाफेतून खोकला ऐकू आला.

तो खोकला तिच्या ओळखीचा होता. तिने मान वळवली. चार हातांवर, भिंतीला टेकून, एक म्हातारी बाई उभी होती. खोकल्याची दुसरी उबळ येण्याआधी तिने एक हात मांड्यांमध्ये खाली घट्ट दाबून धरला, वाऱ्याने दार उघडू नये म्हणून धरतात तसा. मग कमरेत वाकून खोकली. खोकला थांबल्यावरही तो हात तिने लगेच काढला नाही. पोट सैल, ओघळलेलं, त्यावर जुन्या पांढऱ्या रेघा. हेर्दिसने ते सगळं पाहिलं आणि मगच चेहऱ्याकडे पाहिलं. खमकी राग्ना.

राग्नानेही तिला पाहिलं.

फवारे चालू होते. दोघींपैकी एकीलाही पळून जायला वाट नव्हती, आणि झाकायला हातात फक्त साबण.

"बहीण कशी आहे?" हेर्दिसच्या तोंडून निघून गेलं.

"मजेत," राग्ना म्हणाली. "तुझी सर्दी?"

"बरी आहे."

"ओर्री म्हणत होता, फार दिवस टिकली." राग्नाने नळ बंद केला. "पाणी चांगलं आहे आज. चल, उभी काय राहिलीस? गारठशील."

बाहेर भुरभुर बर्फ पडत होतं. पोहायला शिकणाऱ्यांसाठी असतो तो कोमट हौद मोकळा होता. राग्ना कठडा धरून एकेक पायरी उतरली आणि छातीपर्यंत पाण्यात जाऊन उभी राहिली. तिने डोळे मिटले. श्वास घेतला, सोडला, आणि सोडताना तिचे खांदे किंचित हलले. पुन्हा श्वास. पुन्हा सोडला. हेर्दिसला पाण्याखालचं काही दिसत नव्हतं, तरी कळलं. दाणे टिपल्यासारखं, हलक्या हाताने. स्वावाने तिला शिकवलेलं तेच.

ती शेजारी जाऊन उभी राहिली. तिनेही श्वास घेतला. पाण्याने तिचं पोट उचलून धरलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला कमरेखाली जडपणा जाणवला नाही. एवढ्यानेच तिला हुंदका आला.

"रड," राग्ना डोळे न उघडता म्हणाली. "पाण्यात कळत नाही कुणाला. मी पुष्कळ रडलेय इथे."

मग त्या दोघी गरम कुंडात जाऊन बसल्या. कुंडात आणखी कुणी नव्हतं. लोआ खिडकीतून हात हलवून सांगत होती की ठमी झोपलेली आहे.

"कधीपासून?" हेर्दिसने विचारलं.

"अंग बाहेर यायला लागलं ते? कोल्बेइन झाला तेव्हापासून. मग धाकटी दोन झाली तेव्हा जास्त." राग्ना पाण्याकडे बघत बोलत होती. "तिसऱ्या आठवड्यात माशांचे टब उचलायला लागले ना. एके दिवशी टब उचलला आणि आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. मी टब खाली ठेवला नाही. पुढच्या टेबलावर नेऊन ठेवला. सगळ्या बाया म्हणाल्या, बघा, राग्ना बघा. खमकी आहे."

"डॉक्टरला दाखवलं नाहीस?"

"दाखवलं. फार उशिरा. आता अंग वर धरायला आत एक कडं बसवलंय, त्यावर चाललंय. ऑपरेशन कर म्हणतात. बघते."

ते 'बघते' ऐकून हेर्दिसला हसू आलं, पण ते टिकलं नाही. तिच्या मनात इतके दिवस साठलेलं वर आलं.

"आणि तरी मला बंधाऱ्यावर पळायला लावलंस? सगळं माहीत असून? राग्ना, मी वर बर्फात बसून रडले. मला वाटलं मीच नालायक आहे. तुला जमलं आणि मला एवढं जमत नाही!"

बर्फ राग्नाच्या केसांवर पडून विरघळत होतं.

"तू दिवसाउजेडी पलंगावर पडलेली दिसलीस ना, की मला राग यायचा," ती म्हणाली. "पोटातून राग यायचा. मी घरी जाऊन भांडी आपटायचे. मला वाटायचं तुझाच येतोय. तुझा नव्हता गं. मला कुणी पडू दिलं नाही, त्याचा होता." तिने तोंडावरून हात फिरवला. "आणि एकदा खमकी म्हणवून घेतलं की मग सांगायचं कुणाला? कोल्बेइनलासुद्धा माहीत नाही. त्याच्यामुळे झालं असं वाटेल त्याला."

हेर्दिसच्या मनात चीड होतीच, ती अशी एका वाक्याने जाणारी नव्हती. पण थकवा चिडीपेक्षा मोठा होता, आणि शेजारी बसलेल्या बाईचा थकवा तिच्याहून कितीतरी जुना होता. ती सरकून थोडी जवळ बसली. दोघींचे खांदे पाण्याखाली एकमेकींना लागले, आणि कुणीच ते बाजूला घेतले नाहीत.

परतताना बोगद्यात पुढे राग्नाची गाडी आणि मागे हेर्दिसची. राग्ना एरवी भरधाव हाकणारी. त्या दिवशी ती प्रत्येक खोबणीशी वेग कमी करून मागचे दिवे दिसतायत ना बघत होती.

दुसऱ्या दिवशी राग्ना नेहमीसारखीच कडी न वाजवता आत आली. हेर्दिस ओल्या कपड्यांची टोपली उचलत होती.

"ठेव खाली!" राग्ना अशी ओरडली की ठमी दचकून रडायला लागली. "टोपली उचलतेय! अक्कल गहाण टाकलीस का? अर्धे अर्धे कपडे ने!"

म्हणजे पट्टा तोच होता, फक्त उलटा फिरायला लागला होता. हेर्दिसने टोपली ठेवली. मग राग्नाने दोन उशा जमिनीवर टाकल्या, स्वतः कण्हत कुंथत उताणी झाली, गुडघे वर घेतले आणि शेजारची जागा थोपटली. दोघींच्या मध्ये ठमी. श्वास आत, श्वास बाहेर. थोड्या वेळाने हेर्दिसने पाहिलं तर राग्ना तोंड उघडं टाकून घोरत होती, दिवसाउजेडी. हेर्दिसने तिच्या अंगावर ठमीची लोकरीची शाल टाकली आणि स्वतःही डोळे मिटले. सूप थंड झालं.

ओर्रीचा फोन पुन्हा आला. या वेळी हेर्दिसने सर्दी काढली नाही.

"शुक्रवारी आपल्या तलावावर उतरून बघते," ती म्हणाली. "उतरले तर येते शिकवायला. नाही उतरले तर त्या मास्तरला बोलाव, मी रुसणार नाही."

"उतरायचं काय बघायचंय? तू तर..."

"ओर्री, मला बघायचंय."

तिने राग्नालाही सांगितलं. चल म्हणाली नाही, फक्त सांगितलं. राग्ना म्हणाली, "जा की. मला काय सांगतेस? मला क्लोरिनची खाज सुटते." आणि ठमीच्या टोपड्याची नाडी उगीचच सोडून पुन्हा बांधली.

शुक्रवारी दुपारी गावच्या तलावावर गर्दी असते. आठवडा संपल्याच्या आनंदात निम्म्या बायका कुंडात बसायला येतात. हेर्दिसने मुद्दाम ती वेळ धरली. ब्रिम्नेसला लपून झालं होतं, आणि लपण्याचं काय होतं तेही कळलं होतं. ठमीची गाडी फ्रीदाच्या खिडकीखाली ठेवून ती आत गेली. बारा बायका, पाचसहा मुली. सगळ्या ओळखीच्या. ती आत आल्यावर गप्पा एक क्षण थांबल्या आणि मग जरा जास्तच जोरात सुरू झाल्या. तिने कपडे काढले. या वेळी भिंतीकडे तोंड केलं नाही, पण हात कुठे ठेवावेत ते तिला समजेना.

तिच्याच वर्गातली एक मुलगी, दोन दात पडलेली, समोर येऊन थांबली आणि तिच्या पोटाकडे बघत राहिली.

"हेर्दिस, अजून एक बाळ आहे का आत?"

बायकांच्या गप्पा आता खरोखरच थांबल्या.

"नाही," हेर्दिस म्हणाली. "रिकामं आहे. काही दिवस असंच राहणार."

"मऊ आहे," मुलगी म्हणाली, आणि तिचं समाधान झालं असावं, कारण ती चप्पल फटफटवत निघून गेली. हेर्दिसने नळ सोडला. पाणी गरम होतं.

तेवढ्यात काचेच्या खोलीतून फ्रीदाचा आवाज आला.

"राग्ना? तू? तुला ना क्लोरिनचं वावडं?"

"गेलं."

"कधी?"

"आत्ता. दार लाव, वारा येतोय."

राग्ना दारात उभी होती, लोकरीचा स्वेटर, काखेत टॉवेल. ती ताठ चालत खुंट्यांपाशी आली. स्वेटर काढला, बाकीचे कपडे काढले, घडी घालून ठेवले, आणि मग टॉवेल छातीशी धरून तिथेच थांबली. पुढे तिला जाता येईना. आयुष्यभर ज्यांच्याबरोबर मासे कापले त्या बाया फवाऱ्यांखाली उभ्या होत्या, आणि त्या सगळ्या तिला खमकी म्हणणाऱ्या होत्या. हेर्दिस तिच्याजवळ गेली. राग्ना तिच्या कानाशी वाकली आणि कधी नव्हे इतक्या हळू बोलली.

"हेर्दिस, मला लाज वाटते गं."

एवढ्या वर्षांत कित्येक पोरींना ऐकवलेलं वाक्य हेर्दिसच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"मलाही," ती म्हणाली, आणि साबण पुढे केला.

राग्नाने साबण घेतला. थोडा वेळ ती तो हातात नुसताच धरून होती. मग टॉवेल खुंटीला अडकवला आणि हेर्दिसच्या शेजारच्या फवाऱ्याखाली येऊन उभी राहिली. एका हाताने ती अंग घासू लागली. दुसरा हात खाली, जिथे असायचा तिथेच होता. काहींनी पाहिलं, काहींनी नाही पाहिलं. कोपऱ्यातल्या फवाऱ्याखालच्या म्हाताऱ्या इंगाला खोकला आला, आणि तिनेही एक हात खाली नेऊन दाबला.

"राग्ना, पावलं राहिली!" फ्रीदा काचेवर टकटक करत ओरडली.

राग्नाला वाकता येत नव्हतं. हेर्दिसलाही नीट येत नव्हतं, पण ती खाली बसली आणि तिने सासूची पावलं घासली.